टाचेवरचा आकडा

हाडांच्या तपासणीची मोफत शिबिरे नागपूरकरांना आता नवी राहिलेली नाहीत. टाच एका लहानशा यंत्रात ठेवावयाची, काही मिनिटांत हाती आकडा पडतो. आणि तो उणे निघाला की साठीची गृहिणी धास्तावून गोळ्यांच्या शोधात निघते. या आकड्याचा अर्थ तिला कोणी सांगावयाचा, हा खरा प्रश्न आहे.

यंत्र खोटे नाही. श्राव्यातीत ध्वनिलहरी टाचेच्या हाडातून किती वेगाने जातात आणि वाटेत किती क्षीण होतात, हे ते मोजते. १९८४ मध्ये ब्रिटनमधील लँग्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली. तीत क्ष-किरण नाहीत, खर्च अल्प आहे आणि यंत्र खेड्यापाड्यांत नेता येते. हे गुण थोडे नव्हेत. परंतु ते हाडाची घनता प्रत्यक्ष मोजीत नाही, ध्वनीच्या वर्तनावरून अंदाज बांधते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ऑस्टिओपोरोसिससाठी ठरविलेली उणे अडीचची मर्यादा क्ष-किरणांनी केलेल्या घनतामापनाची आहे. त्यासाठी आज खुबा व कणा यांची डेक्सा तपासणी प्रमाण मानली जाते. ती मर्यादा टाचेच्या आकड्यास लावणे म्हणजे शेराने कापड मोजणे होय.

शिवाय घनता म्हणजे बळकटी नव्हे. चंद्रपूर, यवतमाळ जिल्ह्यांतील काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. त्याने हाड दाट होऊ शकते, पण मजबूत होतेच असे नाही. ते फ्लोराइड काढण्याची नलगोंडा पद्धत नागपूरच्याच 'नीरी'ने सत्तरच्या दशकात विकसित केली, हे येथे आठवावे.

तेव्हा शिबिरे बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. टाचेची तपासणी ही चाळणी आहे, निवाडा नव्हे, एवढे आयोजकांनी लेखी सांगावे. वय, रजोनिवृत्ती, किरकोळ पडण्याने पूर्वी झालेला अस्थिभंग यांची चौकशी आकड्याइतकीच अगत्याने व्हावी. तपासणीच्या टेबलाशेजारी औषधांची विक्री मुळीच नको. आणि मेडिकल, मेयो व एम्स या सरकारी संस्था असलेल्या शहरात, संशयित रुग्णास परवडणाऱ्या दरात डेक्सा तपासणी विनाविलंब मिळेल, अशी व्यवस्था शासनाने केली पाहिजे. ती नसेल, तर शिबिरातून घरी जाते ती केवळ भीती. आणि भीतीने खुब्याचे हाड वाचत नाही.