ॲप खरं बोलतात का?



फोनमधली ॲप आपली माहिती घेतात, हे आता लहान पोरालाही ठाऊक आहे. माझा प्रश्न वेगळा आहे. घेताना ती खरं सांगतात का? माझे मत असे की सांगतात, पण धर्मराजासारखं. ‘अश्वत्थामा मेला’ हे मोठ्यांदा आणि ‘माणूस की हत्ती’ हे हळूच.

नवीन ॲप घेतलं की लांबलचक मजकूर समोर येतो. बहुधा इंग्रजीत. खाली ‘मी सहमत आहे’ असं बटन. आमच्या घरात चौघं फोन वापरतात, वरचा मजकूर एकानंही वाचलेला नाही. मी विचारलं ना सगळ्यांना! पूर्वी सावकाराच्या कागदावर लोक न वाचता अंगठा देत, असं आजोबा सांगतात. आता तोच अंगठा काचेवर ठेवायचा. सावकार निदान गावातला तरी होता, त्याच्या दारात जाऊन भांडता यायचं.

व्हॉट्सॲपचंच घ्या, ते घरोघरी आहे. त्यांच्या बाजूची गोष्ट आधी सांगते. २०१६ पासून त्यावरचे निरोप कुलूपबंद जातात, कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. पण पोस्टमननं पाकीट फोडलं नाही तरी कोणाचं पत्र कोणाकडे जातं ते त्याला कळतंच की.

२०१४ साली फेसबुकनं व्हॉट्सॲप विकत घेतलं. तेव्हा युरोपच्या आयोगाला कंपनीनं सांगितलं, की दोन्हीकडची खाती आपोआप आणि खात्रीनं जोडणं आम्हाला जमणार नाही. २०१६ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले, आणि नंबर जोडायची सोय त्यात होती! चौकशीत निघालं की २०१४ सालीच ते शक्य होतं आणि कंपनीच्या माणसांना ते माहीत होतं. २०१७ साली ११ कोटी युरो दंड झाला. चूक मुद्दाम केली नव्हती, असं कंपनी म्हणाली. म्हणो बापडी.

मला सगळ्यात लागली ती आयर्लंडची गोष्ट. २०२१ च्या सप्टेंबरात तिथल्या माहिती संरक्षण आयोगानं व्हॉट्सॲपला साडेबावीस कोटी युरो दंड केला. माहितीचं काय होतं ते वापरणाऱ्यांना नीट सांगितलं नाही आणि न वापरणाऱ्यांनाही नाही, म्हणून. न वापरणारे कोण? तर ज्यांचे नंबर दुसऱ्यांच्या फोनमध्ये आहेत ते. माझी आजी बटनांचा फोन वापरते. तिनं आयुष्यात एकही ॲप घेतलेलं नाही. पण तिचा नंबर आईच्या फोनमध्ये ‘सासूबाई’, आत्याच्या फोनमध्ये ‘आई’ आणि दुकानदाराच्या फोनमध्ये ‘पाटलाच्या वाड्याशेजारची म्हातारी’ म्हणून आहे. एखादं ॲप विचारतं, ‘संपर्क पाहू का?’ कोणीतरी ‘हो’ म्हणतं, आणि आजीचा नंबर चालला. आजीला कोणी विचारलं?

आमच्या वर्गातला एकजण म्हणतो, फुकट देतात म्हणजे काहीतरी घेणारच. ते मला पटतं. पण बाजारात वांगी विकणारी मावशीसुद्धा आधी भाव सांगते, आणि नको म्हटलं तर पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघते. इथं तसं नाही. २०२१ च्या जानेवारीत सूचना आली, की ८ फेब्रुवारीपर्यंत नवे नियम मान्य करा, नाहीतर व्हॉट्सॲप वापरता येणार नाही. लोक चिडले, तारीख पुढे गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं याच नियमांबद्दल मेटा कंपनीला २१३ कोटी १४ लाख रुपये दंड केला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली.

आपल्याकडे २०२३ साली माहिती संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले. मुख्य कलमे लागू व्हायला त्यानंतर १८ महिने दिले आहेत. संमती मागताना मराठीतही मजकूर मिळायला हवा, हे त्यात आहे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला आईवडिलांची संमती हवी, हेही आहे. यावर बाई म्हणाल्या, “पोरं जन्मसाल खोटं लिहून खाती उघडतात, मग ॲपला खोटारडं कोणत्या तोंडानं म्हणायचं?” बाईंचं बरोबर आहे. तरी मला वाटतं, बारा वर्षांचं पोर आणि शंभर वकील पदरी बाळगणारी कंपनी यांना एकाच मापानं मोजू नये.

पालकांनो, फोनच्या सेटिंगमध्ये ‘परवानग्या’ म्हणून एक जागा असते. कोणतं ॲप तुमचे संपर्क, फोटो, आवाज आणि ठिकाण बघतं ते तिथं कळतं आणि बंदही करता येतं. विजेरीच्या ॲपला तुमच्या पाहुण्यांचे नंबर कशाला लागतात, ते त्यालाच ठाऊक. पालकसभेला याल तेव्हा फोन बरोबर आणा. आम्ही सातवीच्या मुली व्हरांड्यात बसू आणि दाखवू.

– इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी