थेट विचारा

वर्षभर एक वाक्य आम्हाला छळत राहिलं: ‘काही बोललाच नाही हो तो.’ एखाद्या विद्यार्थ्यानं आयुष्य संपवल्याची बातमी येते आणि रेक्टर, प्राध्यापक, नातेवाईक, सगळे हेच सांगतात. त्यांचं दुःख खरं असतं. पण या वाक्यानं सगळा भार गेलेल्या मुलावर पडतो. त्याला कुणी विचारलं होतं का?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या अहवालात देशभरात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातल्या आहेत. विशाखापट्टणममध्ये ‘नीट’ची तयारी करणाऱ्या मुलीच्या वडिलांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली: शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवं. यातलं दुसरं कलम आम्हाला अधिक मोलाचं वाटतं. समुपदेशकाच्या दारावर पाटी लागली, की बाकीचे सुटलो म्हणतील, ही आमची धास्ती आहे. खचलेली मुलगी आधी त्या दाराशी जात नाही. ती प्रॅक्टिकल संपल्यावर बाईंच्या टेबलापाशी रेंगाळते. कॉट बेसिसवर राहणारा, एमपीएससीची तयारी करणारा मुलगा मेसला येईनासा होतो आणि ते सर्वांत आधी मेसवाल्या काकूंच्या लक्षात येतं.

त्या क्षणी आपण म्हणतो, ‘टेन्शन घेऊ नकोस, होईल सगळं.’ संवाद तिथंच संपतो. विषय काढला तर नको ते डोक्यात येईल, अशीही भीती असते. ती निराधार आहे. थेट विचारल्यानं आत्महत्येचा विचार मनात पेरला जात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. उलट विचारलं, की बोलता येतं.

म्हणून दार लोटून घ्या, फोन बाजूला ठेवा, शेजारी बसा. जे दिसलं तेच सांगा: ‘आठवडाभर तू वर्गात नाहीस, जेवतही नाहीस.’ मग शांतपणे विचारा, ‘जगणं नकोसं वाटतंय का? जीव द्यावासा वाटतो का?’ उत्तर येईपर्यंत थांबा. सल्ला, स्वतःच्या संघर्षाच्या कथा, आईवडिलांच्या कष्टांची आठवण, यातलं काही नको. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका. समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे नुसतं पाठवू नका, सोबत जा. १४४१६ ही ‘टेली-मानस’ची मोफत हेल्पलाइन आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा.

२०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीनं उभी पिकं वाहून गेली. त्या शिवारांतली कितीतरी मुलं शहरांतल्या वसतिगृहांत फीच्या काळजीत आहेत. आमच्या या दिवाळी अंकाचा विषय ‘घर’ आहे. घर सोडून शिकायला आलेल्यांना विसरून तो पुरा होणार नाही.

आमचे वाचक अंक नुसता चाळत नाहीत, मनावर घेतात. म्हणून हक्कानं मागतो. शिक्षक असाल तर सुट्टीनंतर संस्थेत प्रशिक्षणाची मागणी लेखी करा. पालक असाल तर दिवाळीला घरी आलेल्या लेकराला गुण विचारण्याआधी, ते कसं आहे हे विचारा. आणि ‘बरंय’ एवढ्यावर समाधान मानू नका.