तुंबडीने रक्तदाब उतरतो. पण किती दिवस?

जळगाव - उच्च रक्तदाबावर ‘हिजामा’, म्हणजेच तुंबडी लावण्याचा उपचार जळगाव आणि धुळ्याला अपरिचित नाही. पाठीवर पेले चिकटवून त्यातील हवा ओढून घ्यायची, त्वचेवर पात्याने बारीक चिरा द्यायच्या आणि पुन्हा पेला लावून थोडे रक्त काढायचे, अशी ही पद्धत. युनानी वैद्यकात तिला ‘इलाज बित तदबीर’ या शाखेत स्थान आहे. आयुर्वेदानेही रक्तमोक्षणासाठी शिंग व भोपळ्याचा वापर सांगितला आहे. जळगाव व अक्कलकुवा येथे युनानी महाविद्यालये असल्याने खान्देशात या उपचाराला शैक्षणिक अधिष्ठानही लाभले आहे. मात्र, प्रश्न उपचाराच्या प्राचीनतेचा नसून, रुग्णाने त्यावर किती विसंबावे, हा आहे.

सौदी अरेबियातील जेद्दा येथे ८० रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या रुग्णांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला तीन वेळा तुंबडी लावण्यात आली. चार आठवड्यांनंतर त्यांचा वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सरासरी ८.४ अंकांनी कमी आढळला. आठ आठवड्यांनंतर हा फरक उरला नाही. तुंबडी लावलेल्या रुग्णांचेही नेहमीचे उपचार सुरूच होते, हे महत्त्वाचे. त्यापूर्वी, २०१० मध्ये उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधकांनाही पुरावा खात्रीलायक वाटला नव्हता.

खरा धोका येथेच आहे. उच्च रक्तदाब बहुधा कोणतेही लक्षण न दाखवता वाढतो. पेल्यात साकळलेले काळपट रक्त मात्र डोळ्यांना दिसते. ते ‘अशुद्ध’ रक्त नसते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून आलेले नेहमीचेच रक्त असते. पण ते पाहून आजार बाहेर पडल्याचे समाधान मिळते. अंग हलके वाटते आणि रोजची गोळी अनावश्यक भासू लागते. गोळी सुटली, की रक्तदाब पुन्हा चढतो आणि पक्षाघात, हृदयविकार व मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका वाढतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मधील अभ्यासानुसार देशात सुमारे ३१.५ कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे. त्यामुळे ही चूक किरकोळ ठरत नाही.

स्वच्छतेचा मुद्दाही तितकाच गंभीर आहे. पाते वा पेला एकाचा दुसऱ्याला वापरल्यास कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीचा संसर्ग संभवतो. रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, तसेच रक्तक्षय असलेल्यांनी हा उपचार टाळणेच श्रेयस्कर.

उपचार घ्यायचाच असेल, तर तो नोंदणीकृत चिकित्सकाकडून, नव्या पात्याने घ्यावा. त्याआधी आणि नंतरही काही आठवडे रक्तदाब मोजून त्याची नोंद ठेवावी. पापड, लोणचे व शेवभाजीतील मिठाला आवर घालण्यासाठी तर चीर देण्याचीही गरज नाही. तुंबडी लावायची की नाही, हा रुग्णाचा निर्णय. गोळी थांबविण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच असायला हवा.