साडेसतरा रुपयांचा हिशेब

जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलं की पोषण आहाराचा फलक हमखास दिसतो. सोमवारी काय, मंगळवारी काय. पोराच्या ताटात काय पडायला हवं ते आईला तिथे उभ्याउभ्या वाचता येतं. त्याच शाळेतल्या दिव्यांग मुलासाठी वर्षभरात किती पैसे आले आणि कशावर गेले, हे मात्र कुठल्याच भिंतीवर मला आजवर दिसलेलं नाही.

रक्कम काही गुपित नाही. समग्र शिक्षा योजनेत २०१८ पासून दर मुलामागे वर्षाला कमाल ३,५०० रुपये. मुलींना वरून महिना २०० रुपये विद्यावेतन, तेही दहाच महिने. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा २०० दिवस भरायला हवी. करा भागाकार : दिवसाला साडेसतरा रुपये. यात श्रवणयंत्र, ब्रेल पुस्तकं, मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता. आणि ‘कमाल’ हा शब्द नजरेआड करू नका.

राज्याला मंजूर झालेला आकडा केंद्र सरकारच्या प्रकल्प मान्यता मंडळाच्या इतिवृत्तात सापडतो. तिथून तालुक्याला, मग शाळांच्या केंद्राला उतरता उतरता त्याचा माग सुटतो. यूडायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचात मुख्याध्यापक दरसाल भरतात : दिव्यांग मुलं किती, रॅम्प आहे का, त्याला कठडा आहे का. पण जूनचा भत्ता खात्यात कधी पडला, फिरते विशेष शिक्षक महिन्यातून किती वेळा आले, हे त्यातून कळत नाही. त्यात वह्या दोन : विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, नेहमीच्या शाळेतली मुलं शालेय शिक्षणाकडे. बेरीज कोणी करायची?

सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. तेव्हा मंजूर पदं आणि प्रत्यक्ष पगार निघालेली पदं, हे दोन आकडे शेजारीशेजारी छापावेत. फरक आपोआप बोलेल.

असा हिशेबाचा फलक लावण्यात मुख्याध्यापकांची एक अडचण मात्र खरी. शाळेत दिव्यांग मूल एकच असेल, तर फलक लागताच गावाला नाव कळणार, आणि ‘याच्यावर एवढा खर्च?’ हे पारावर ऐकू येणार. म्हणून फलकावर केंद्रातल्या दहा-पंधरा शाळांचा एकत्र हिशेब असावा. त्या एका मुलाचा कागद फक्त त्याच्या पालकांच्या हाती, मुख्याध्यापकांच्या सहीनिशी. माहितीच्या अधिकाराचं कलम ४ तर अर्जाची वाट न पाहता माहिती द्या म्हणतं, तेही २००५ पासून.

खडू आणि फळा शाळेत आहेतच.