सहकुटुंब करमणूक आणि परमिट रूम

महाराष्ट्रातील कोणत्याही महामार्गाने प्रवास करणाऱ्यास एक पाटी वारंवार आढळते. ‘फॅमिली गार्डन, परमिट रूम व बीअर बार’ हे शब्द तीवर एकाच ओळीत गुण्यागोविंदाने नांदत असतात. नांदेडहून अर्धापूरमार्गे वारंगा फाट्याकडे जाणारा रस्ताही यास अपवाद नाही. पाटीचा खरा अर्थ मात्र प्रवाशास न सांगता कळतो. गार्डनात बायकामुले बसतात, परमिट रूममध्ये पुरुष बसतात आणि दोहोंमध्ये एखादी भिंत, निदान तट्ट्याचा आडोसा तरी असतो. सहकुटुंब करमणुकीसाठी उभारलेल्या उद्यानांतून प्रौढ पाहुण्यांना मद्य मिळावे काय, हा प्रश्न म्हणजे वस्तुतः हा आडोसा काढावा काय, असाच प्रश्न आहे.

अशा उद्यानांची कल्पना आपल्याकडे फार जुनी नाही. गोराईचे एस्सेलवर्ल्ड १९८९ साली उभे राहिले, खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ साली. आता जिल्ह्याच्या गावांभोवतीही पाण्याची घसरगुंडी आणि पाळणे असलेली ‘वॉटर पार्क’ निघू लागली आहेत. ज्या डिस्नेच्या उद्यानांवरून ही कल्पना आपण उचलली, त्यांचा इतिहास या संदर्भात उद्बोधक आहे. १९५५ साली कॅलिफोर्नियात पहिले डिस्नेलँड उघडले, ते सर्वसामान्य पाहुण्यांसाठी मद्याविना. फ्लोरिडातील मॅजिक किंगडम १९७१ पासून चार दशके कोरडे राहिले आणि २०१२ साली तेथील एका उपाहारगृहात रात्रीच्या भोजनाबरोबर वाइन व बीअर मिळू लागली. पॅरिसजवळचे उद्यान १९९२ साली उघडले तेव्हा वाइनवरील बंदीने फ्रेंच लोक इतके नाराज झाले की दुसऱ्याच वर्षी मालकांना माघार घ्यावी लागली. मद्यविक्रीचे समर्थक हे दाखले आवर्जून देतील. जे जगाला चालते ते आपल्याला का चालू नये, असे ते विचारतील.

याचे उत्तर फ्रान्समध्येच आहे. फ्रेंच कुटुंबात वाइनचा पेला जेवणाच्या मेजावर असतो आणि तो नवऱ्यापुढे असतो तसाच बायकोपुढेही असतो. आपल्याकडील पिणे हा कुटुंबाचा व्यवहार नाही. तो कुटुंबापासून दूर जाऊन, बहुधा कुटुंबाला चुकवून, करावयाचा पुरुषांचा व्यवहार आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के पुरुष मद्य घेतात असे आढळले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सव्वा टक्क्याच्या आसपास होते. आता उद्यानाच्या दारात उतरणारे एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. आजी, आई, एखादी आत्या, तीनचार मुले आणि वडील. त्यांच्यासाठी मद्याचे काउंटर उघडले तर ते फार तर एका माणसासाठी उघडलेले असते. प्रौढ पाहुण्यांचे स्वातंत्र्य असा ज्याचा गौरव होतो, ते बव्हंशी घरातील एका पुरुषाची सोय असते, आणि तिची किंमत बाकीच्या सहासात जणांच्या दिवसातून वसूल होते.

मराठवाड्यातील लहान गावांत ही किंमत अधिक भारी आहे. अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावी स्त्रीने निव्वळ विरंगुळ्यासाठी जावे अशा जागा किती, हे बोटांवर मोजून पाहावे. देऊळ आहे, दर्गा आहे, नांदेडचा गुरुद्वारा आहे, लग्नकार्य आहे. पुरुषाला चौक आहे, पारावरची बैठक आहे, हॉटेलातील बाकडे आहे. स्त्रीला हक्काची म्हणून जी मोकळीक मिळते ती यात्रेत. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे यांचा बाजार आणि तमाशाचे फड यांसाठी ती प्रसिद्ध आहे. पण बांगड्यांची दुकाने, खेळणी आणि आकाशपाळणे यांच्या गर्दीत लेकरांचा हात धरून हिंडणाऱ्या बायकांची यात्रा ही तिचीच दुसरी बाजू होय. तमाशाचा तंबू कोठे आणि पाळणे कोठे, हे यात्रेकरूला सांगावे लागत नाही. आपल्या जुन्या लोकजीवनाने पिणे नाहीसे केले नव्हते, आणि निजामी राजवटीत तर आबकारी हे सरकारी उत्पन्नाचे मोठे साधन होते. परंतु त्या लोकजीवनाने जागा वेगळ्या ठेवल्या होत्या. गुत्त्याची वाट आणि पाळण्याची वाट एक नव्हती.

तिकीट काढून आत गेलेल्या बाईला कुंपणाच्या आत कोणी झिंगलेला माणूस भेटणार नाही, एवढी खात्री हाच या उद्यानांचा मोठा गुण आहे. ओल्या कपड्यांनी पाण्यात खेळणाऱ्या मुलींच्या बाबतीत तर ती खात्री म्हणजे सर्वस्व होय.

परतीच्या प्रवासाचाही विचार करावयास हवा. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास वाहन चालविणे हा गुन्हा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजार रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा आहेत. कायदा कडक आहे खरा, पण आपल्याकडे मोटारसायकलच्या टाकीवर एक मूल आणि मागे दुसऱ्याला मांडीवर घेतलेली आई असते, आणि गाडी चालविता येणारा माणूस घरात पुष्कळदा एकच असतो. त्याने दुपारी बीअर घेतली असेल तर संध्याकाळी महामार्गावर त्याच्या जागी बसणारे दुसरे कोणी नसते.

२७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये स्वतंत्र कपाटातून वाइन विकण्यास मान्यता दिली. द्राक्ष व अन्य फळे पिकविणाऱ्या शेतकऱ्याचा लाभ हे त्याचे कारण सांगण्यात आले. वाइन म्हणजे दारू नव्हे, असेही सत्ताधारी पक्षातून सांगितले गेले. विरोध मोठा झाला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय रखडला. त्या वादात शेतकऱ्याचे नाव पुष्कळांनी घेतले, पण किराणा घ्यायला येणाऱ्या बाईला विचारावे असे फारसे कोणाला वाटले नाही. केळीच्या बागांनी वेढलेल्या अर्धापुरातील शेतकऱ्याला भावाची चिंता आहे आणि ती खरीच आहे. पण ती उद्यानातील पेल्याने मिटेल असे मानण्यास भाबडेपणा हवा.

एका आक्षेपात मात्र तथ्य आहे. आत मद्य नसले म्हणजे पिणारे बाहेर वाहनतळावर बाटली उघडतात, आणि तेथे त्यांच्यावर कोणाचे लक्ष नसते. परवाना दिला तर निदान देखरेख तरी राहील, असे सांगितले जाते. परंतु राज्यातील मद्यबंदीविषयक कायद्यानुसार बीअर व वाइनसाठी एकवीस आणि कडक मद्यासाठी पंचवीस वर्षे वय पूर्ण असावे लागते, शिवाय परमिट लागते. या अटी नित्याच्या परमिट रूममध्ये कितपत पाळल्या जातात, हे वाचकांस सांगावयास नको. जेथे तीच देखरेख होत नाही, तेथे सुटीच्या दिवशी हजारांच्या गर्दीत ती होईल असे मानण्यास आधार नाही. वाहनतळावरील बाटलीला उपाय आहे तो फाटकावरील तपासणीचा, आणि तो उद्यानाच्या मालकाच्या हातात आहे.

गावातील मद्याच्या दुकानाबाबत आपल्या राज्याने स्त्रियांना एक अधिकार दिलेला आहे. निम्म्याहून अधिक मतदार स्त्रियांनी आडव्या बाटलीला मत दिले तर दुकान बंद होते. खाजगी कुंपणाच्या आतील काउंटरबाबत असे मतदान होणार नाही. तेथे स्त्रीचे मत एवढेच की पुढच्या सुटीत ती मुलांना घेऊन जाणार नाही, आणि ती का आली नाही हे मालकाच्या हिशेबाच्या वहीत कोठेही लिहिलेले नसेल. म्हणून हा निर्णय मालकाच्या मर्जीवर सोपविणे योग्य नव्हे. २०२२ च्या वाइन धोरणातसुद्धा शाळा व प्रार्थनास्थळे यांच्या जवळची दुकाने वगळण्यात आली होती. मुले ज्या जागेचे मुख्य गिऱ्हाईक आहेत, त्या उद्यानालाही राज्य उत्पादन शुल्क विभागाने त्याच पंक्तीत बसवावे आणि त्याच्या कुंपणाच्या आत कोणत्याही प्रकारचा मद्यपरवाना, मग तो एका दिवसाचा का असेना, देऊ नये.