मनालीचं छप्पर, बिद्रीचा पाऊस

मनालीहून परतलेल्या माणसाशी पहिले पंधरा दिवस वाद घालू नये. तो तुमच्यासमोर बसलेला असतो, पण मनाने अजून बर्फातच असतो.

माझा एक मित्र असाच परतला. नोकरी पुण्यात आयटीत, मूळ गाव कोल्हापूरकडचं बिद्री. मोबाइलवर एका लाकडी शॅलेचा फोटो. खडा उतार असलेलं छप्पर, मोठ्ठी काच, आत पेटलेली शेकोटी. ‘‘भावा, असलंच सेकंड होम पायजे. डिझाइन तू कर, ईएमआयचं मी बघतो.’’

पहिला खोडा जमिनीचा. हिमाचलात १९७२च्या कुळवहिवाट आणि जमीन सुधारणा कायद्याचं कलम ११८ आडवं येतं. तिथला शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेता येत नाही. बिद्रीचा सात-बारा तिथे चालत नाही राव!

दोन दिवस हिरमुसून तिसऱ्या दिवशी साहेबांचा फोन. ‘‘मग हेच बिद्रीत बांधू की! आण्णांचं जुनं घर पाडू. तसंही कौलं गळत्यात.’’

आता जरा थांबा मंडळी. बर्फातलं घर तसं का दिसतं? फोटो छान यावा म्हणून नक्कीच नाही. फूटभर घट्ट बसलेला बर्फ एका चौरस मीटरवर शंभरेक किलोचं ओझं टाकतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर हिशेब केलात, तर उसाने भरलेली ट्रॉलीच वर नेऊन ठेवल्यासारखं! म्हणून उतार खडा, वासे दणकट. पण घसरलेला बर्फ दारातच पडला तर सकाळी बाहेर कसं पडणार? म्हणून दार उताराच्या बाजूला न ठेवता आढ्याच्या टोकाकडच्या भिंतीत. पाणी गोठताना साधारण नऊ टक्के फुगतं आणि पाइप फोडतं, म्हणून पाइप जमिनीत खोल. मोठी काच दक्षिणेला, कारण हिवाळ्यातलं ऊन तिकडून येतं. तीही दुहेरी. आणि दाराच्या आत आणखी एक दार, म्हणजे पाहुण्याबरोबर थंडी घरात शिरत नाही.

मनालीजवळचा नग्गरचा किल्ला बघितलाय? दगडाचा एक थर, देवदाराच्या तुळयांचा एक थर, अशा काठकुणी पद्धतीच्या भिंती. १९०५च्या कांगडा भूकंपातही तो उभा राहिला. लॉरी बेकर हे जन्माने इंग्रज आर्किटेक्ट पिठोरागडला पंधराएक वर्षं राहिले आणि तिथल्या साध्या घरांकडून पुष्कळ काही शिकले. पुढे केरळात गेले, तेव्हा त्यांनी हिमालयातलं घर उचलून नेलं नाही. नेली ती शिकायची सवय.

जुलैतल्या एका शनिवारी आम्ही बिद्रीला पोचलो. दूधगंगेकाठचा पाऊस म्हणजे सरळ पडेल याची गॅरंटी नाही. पश्चिमेकडून झड येते आणि भिंत भिजवून जाते. आण्णा सोप्यात बसले होते. वळचणीच्या पागोळ्या जोत्यापासून हातभर लांब पडत होत्या. सोपा कोरडा ठणठणीत. गळत होतं ते फक्त मागच्या माजघरात, एका कोपऱ्यात.

मी लॅपटॉप उघडून शॅले दाखवली. आण्णांनी चष्मा लावला, निवांत बघितलं.

‘‘ही काच कुठल्या अंगाला?’’

‘‘पश्चिमेला. सनसेट दिसतो.’’

‘‘पाऊसबी तिकडनंच येतोय.’’

मी गप्प. मित्र शेकोटीचं कौतुक सांगायला लागला. आतून काकूंचा आवाज आला, ‘‘चूल हाय की!’’ आम्ही हसलो. आण्णा हसले नाहीत.

‘‘तुमचं सुट्टीचं घर हुईस्तोवर आमी दोघांनी ऱ्हायाचं कुठं? आनि झाल्यावर?’’

मित्राकडे उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर माझ्याकडेही नव्हतं. प्लॅनमध्ये मास्टर बेडरूम होती, बार काउंटर होता. आण्णा-काकूंची खोली नव्हती. मी क्लायंटला विचारलंच नव्हतं, आणि आपला खरा क्लायंट कोण हेही मला कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उघडीप मिळाल्यावर शिडी लावून वर चढलो. चार वासे कुजलेले, पंचवीस-तीस कौलं फुटलेली. बास. एवढ्यासाठी आम्ही घर पाडायला निघालो होतो!

नवा प्लॅन असा. जुनं घर तसंच. दिवाळीनंतर वासे बदलायचे, कौलं नव्याने शाकारायची. आण्णांचे गुडघे धरलेत, म्हणून कमोडचं बाथरूम घरातच. परसात दोन खोल्या मित्राच्या. जोतं उंच, छप्पर चांगलं उतरतं, वळचण तीन फूट. पश्चिमेला फक्त उंचावर लहान झरोके. मोठी खिडकी पूर्वेला, उसाच्या रानाकडे. मनालीचं एकच ठेवलं, खिडकीत पाय पसरून बसायची लाकडी बैठक. खर्च शॅलेच्या निम्म्याहून कमी.

तुम्हीही सेकंड होमची स्वप्नं बघत असाल, तर आर्किटेक्टला फोटो दाखवण्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं काढा. इथे आभाळातून काय पडतं? वारा कुठल्या बाजूने येतो? आणि आपण नसतो तेव्हा या घरात कोण असतं?

बिद्रीत बर्फ पडत नाही. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवलं की काळी राख तेवढी अंगणात भुरभुरते. नव्या खोल्यांना पायऱ्या किती, हे विचारायला परवा मित्राला फोन केला. ‘‘दोनच ठेव,’’ तो म्हणाला, ‘‘आण्णांना चढायला बरं पडंल.’’