बुडालेलें गांव

गांव म्हणजे नुसतीं घरें व शेतें नव्हेत. आजी ज्या भाषेंत नातवंडांना हाक मारते, ती भाषाही गांवाचेंच अंग होय. वेल्समधील कापेल केलिन या खेड्याची हकीगत ऐकली म्हणजे या बोलण्याची सत्यता मनाला पटते.

उत्तर वेल्समध्यें बाला या गांवाजवळ त्रिवेरिन नदीच्या खोऱ्यांत हें खेडें वसलें होतें. एक शाळा, एक टपालकचेरी, एक प्रार्थनामंदिर, कांहीं घरें आणि भोंवतालीं मेंढरें पाळणाऱ्या शेतकऱ्यांच्या वाड्या, एवढाच त्याचा विस्तार. परंतु तेथील सारा व्यवहार वेल्श भाषेंत चाले. १५८८ सालीं संपूर्ण बायबल वेल्श भाषेंत छापून निघालें. पुढें रविवारच्या धर्मशाळांतून लहानथोर तें वाचावयास शिकले. राजदरबारीं मान इंग्रजीचा; परंतु नांगर धरणारा शेतकरी स्वभाषेंत साक्षर होता. अशा खेड्यांनींच ती भाषा जतन केली.

पुढें इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरास अधिक पाणी हवें झालें. १९५६ सालीं गांवकरी मुलाबाळांसह त्या शहरीं गेले व रस्त्यांतून मिरवणूक काढून आपलें गाऱ्हाणें मांडून आले. तथापि १९५७ सालीं पार्लमेंटनें धरणाचा कायदा संमत केला. वेल्सच्या एकाही सभासदानें त्यास अनुकूल मत दिलें नव्हतें! खोऱ्यांतील ६७ रहिवाशांपैकीं ४८ जणांचीं घरें गेलीं. शाळा, मंदिर सारें जमीनदोस्त झालें, त्यावर पाणी चढलें, आणि १९६५ सालीं जलाशयाचा उद्घाटनसमारंभ झाला.

या आघातानें वेल्श लोक खडबडून जागे झाले. १९६७ सालीं त्यांच्या भाषेला कायद्यानें कांहीं हक्क मिळाले. २००५ सालीं लिव्हरपूलच्या नगरसभेनें घडल्या गोष्टीबद्दल क्षमा मागितली. तरीही २०२१ च्या शिरगणतींत वेल्श बोलणारांची संख्या सुमारें ५ लाख ३८ हजार भरली. २०११ च्या मानानें ती कमीच होती.

यांतून घ्यावयाचा बोध उघड आहे. कायदा भाषेला दारापर्यंत आणून सोडतो. तिला घरांत घेणें वडीलधाऱ्यांच्याच हातीं असतें. कापेल केलिन पाण्यानें बुडालें. माजघरांतील भाषा मात्र नुसत्या अनास्थेनेंही बुडूं शकते, हें सुज्ञ वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.